शरणबसवचा काटा

माझ्या नवऱ्याचा काटा खोटा म्हणणारे लोक गावभर झालेत, आणि ज्यानं हे सुरू केलं त्याचा व्हिडिओ अजून मोबाईलवर फिरतोय. म्हणून मी बोलणार. आमचे हे बोलणार नाहीत. त्यांचं एकच पालुपद, "जाऊ दे की." सगळं आयुष्य ह्या माणसानं जाऊ दे म्हणत काढलं, फक्त एका गोष्टीत कधी जाऊ दिलं नाही. आणि बोट ठेवणाऱ्यानं नेमकं तिथंच बोट ठेवलं.

नाव शरणबसव. मूळचे दुधनीचे. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत आमचं पत्र्याचं शेड आहे. शेडाच्या मधोमध फरशीत दोन जाडजूड लोखंडी रोलर बसवलेत. गाडी त्यावर चढवायची, पट्ट्यांनी आवळून बांधायची आणि जागच्या जागी पळवायची. चाकं रोलरला किती जोरानं फिरवतात त्यावरून गाडीची ताकद कॉम्प्युटरवर उमटते. हे गाडीत बसून पळवतात, कॉम्प्युटरवर मी. मी सोलापूरच्याच शुक्रवार पेठेतली मुलगी, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, आणि जीभ जरा लांब, हे सासरी पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना कळलं होतं.

त्या मशीनला लोक डायनो म्हणतात. आमच्या घरात त्याला काटाच म्हणायचं. त्याला कारण माझे सासरे. ते कारखान्याला ऊस घालायचे. बैलगाडी भरून न्यायची, काट्यावर उभी करायची आणि काटेवाला सांगेल ते वजन मुकाट्यानं घ्यायचं. दरवेळी कमी. विचारलं तर म्हणायचा, उन्हानं रस आटला. सासरे घरी येऊन जेवायचे नाहीत, कुणाशी बोलायचेही नाहीत. हे लहान होते, उसावर बसून बरोबर जायचे, आणि बापाचा पडलेला चेहरा बघत परत यायचे. पुढं मोठे झाले, पुण्यात गॅरेजात राबले, आणि सोलापुरात येऊन त्यांनी काय बसवलं तर काटा. मी एकदा विचारलं, दुसरं काही सुचलं नाही काय. तर म्हणाले, एक तरी खरा असू दे की.

आता ह्या धंद्यात खरं चालतं का हो? प्रत्येकाला आपली गाडी वाघ आहे असंच ऐकायचं असतं. आमच्या सोलापूरचं ऊन असं की हवा पातळ होते आणि गाडी दम टाकते. म्हणून कॉम्प्युटरला हवेचं तापमान सांगावं लागतं, म्हणजे तो उन्हाची तूट भरून आकडा देतो. तापमान जरा चढवून टाकलं की आकडाही चढतो. दुसरीकडं हे सर्रास चालतं. आमच्याकडं थर्मामीटर सावलीत टांगलेला, आणि त्यावर दिसेल तेच मी टाकायचं. ह्यापायी किती गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून गेली त्याला गणतीच नाही.

तर अशा शेडात हा इंद्रजीत आला. अकलूजचा, बागायतदार घरचा, अंगावर इस्त्रीचे कपडे आणि बोलताना समोरच्याकडं न बघण्याची सवय. गाडी मात्र बघण्यासारखी. लाल, दोन दारांची, जपानी, पंचवीस-तीस वर्षांची, टर्बोवाली. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो, म्हणून ताकद वाढते. पण हवा किती कोंबायची त्याला मर्यादा पाहिजे, नाहीतर इंजिन फुटेल. त्यासाठी टर्बोला एक झडप असते आणि ती उघडणारी एक बारीक सळई. दाब वाढला की सळई सरकते, झडप उघडते, जादा धूर बाहेर जातो. कुकरची शिट्टी उडते तसंच समजा.

काट्यावर गाडीचा आकडा एकशे ऐंशी हॉर्सपॉवर आला. इंद्रजीत म्हणाला, कंपनीनं अडीचशे सांगितलेत, तुमचं मशीन बिघडलंय. हे शांतपणे सांगत बसले की कंपनी इंजिनाची ताकद सांगते, काटा चाकाची सांगतो, मधे थोडी झिजतेच, आणि शिवाय गाडीच्या रबरी नळ्या तडकल्यात, दाब गळतोय. पटलं नाही त्याला. नाचता येईना, अंगण वाकडं. तरी गाडी दुरुस्तीला ठेवून गेला, कारण पुण्यात अशा गाडीवाल्यांचा मेळावा होता आणि तिथं प्रत्येकजण आपला आकडा सांगणार होता.

ह्यांनी नळ्या बदलल्या, दाब आवरणारा व्हॉल्व्ह बदलला, आणि जुन्या इंजिनाला झेपेल तेवढाच दाब ठेवला. काम झालं आणि खंडेनवमी आली.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं धुऊनपुसून पूजेला मांडतात, आणि पूजा उचलेपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. पूजा माझ्या सासूबाईंची, रंभाबाईंची. मी त्यांना आत्या म्हणते. त्या प्रत्येक यंत्राला दोरा बांधतात. चादरीच्या मागाचं पांढरं सूत हळदीत भिजवून त्यात एक हळकुंड अडकवायचं, यंत्राला पाच वेढे द्यायचे आणि शेवटचं टोक वेढ्यातच खोचायचं. गाठ मारायची नाही. का, तर देवाला गाठीत धरायचं नसतं. हे मला त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी हातावर चापट मारून शिकवलंय. त्या दिवशी कॉम्प्रेसरला दोरा, ड्रिलला दोरा, रोलरच्या जाळीला दोरा. लाल गाडीचं बॉनेट उघडंच होतं. आत्यांना वाटलं, परक्याची असली तरी दारात आलेली आहे, तिलाही बांधू. आणि दोरा बांधायजोगी एकच वस्तू त्यांना आत दिसली, ती सळई.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या पूजा उचलायच्या आधी सिद्धेश्वराला गेल्या. तेवढ्यात इंद्रजीत दोन मित्रांना घेऊन हजर. आत्ताच्या आत्ता आकडा काढा, संध्याकाळी पुण्याला निघायचंय. बॉनेटखाली झेंडूच झेंडू. हे एरवी गाडी चढवायच्या आधी आतलं सगळं हातानं चाचपून बघतात. पण आईनं पूजा उचललेली नाही, मग फुलांना हात कसा लावायचा, म्हणून नुसतं वरून बघितलं आणि बॉनेट लावलं. चूक ती एवढीच.

मी बटण दाबलं. पडद्यावरची रेघ एका जागी वाकायला पाहिजे होती, ती वाकलीच नाही, वर वर गेली. ह्यांना गाडीतला दाबाचा काटा दिसला असणार, झटकन पाय काढला त्यांनी. तोवर आकडा उमटला होता, दोनशे अठ्ठेचाळीस. इंद्रजीतनं पडद्याचा व्हिडिओ घेतला, स्वतःचा घेतला, मित्रांना मिठ्या मारल्या, आणि हे गाडीतून उतरायच्या आत तो व्हिडिओ "सोलापूरच्या काट्यावर" म्हणून टाकूनही मोकळा झाला.

ह्यांनी बॉनेट उघडलं आणि फुलं बाजूला केली. हळकुंड बरोबर सळईच्या बेचक्यात अडकलेलं, वरून सुताचे वेढे. सळई जागची हललीच नव्हती. झडप बंद, हवा कोंबली जातेय, कोंबली जातेय. आणखी थोडा वेळ पाय ठेवला असता तर इंजिनाचा निकालच लागला असता. ह्यांनी इंद्रजीतला सगळं समजावलं, हा आकडा धरू नका, दोरा काढून परत घेतो म्हणाले. तर तो म्हणाला, देवाचा दोरा आहे, लाभलाय मला, राहू दे तसाच. मित्र हसायला लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणे लाभलाय! देवाला ह्याच्या गाडीपलीकडं कामं नाहीत जणू.

तेवढ्यात आत्या आल्या. ह्या पठ्ठ्यानं काय करावं? सरळ त्यांच्या पाया पडला. म्हणाला, आज्जी, तुम्ही बांधलेलं फळाला आलं, आणि तुमचाच मुलगा ते तोडायला निघालाय. आत्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी कानडीतून दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं. आत्यांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. त्यांनी बॉनेटमध्ये वाकून स्वतःच्या हातानं दोरा सोडला आणि हळकुंड पदरात घेतलं.

"म्या दोरा राखण करायला बांदला बाबा, वजन वाढवायला न्हाय," त्या म्हणाल्या. "कमी दावणारा काटा लई बगितला. जास्त दावणारा बी त्याचाच भाऊ."

दोरा काढून परत मोजलं. दोनशे पाच. जुन्या गाडीला हे उत्तमच म्हणायचं. पण इंद्रजीत तो आकडा बघायलाही थांबला नाही, बाहेर फोनवर दोनशे अठ्ठेचाळीस सांगत उभा. व्हिडिओ काढा म्हणून ह्यांनी दोनदा विनवलं. बघतो म्हणाला आणि गेला.

मग सुरू झाले फोन. तुमच्याकडं आकडा वाढवून मिळतो म्हणे. आमच्याही गाडीला दोरा बांधा की. एक तर म्हणाला, पुण्याच्या मशीनवर ती लाल गाडी दोनशेच्या पुढं सरकली नाही, सोलापूरचा काटा थापा मारतो. ज्या माणसानं बापाच्या पडलेल्या चेहऱ्यासाठी काटा बसवला त्याला लोक काटेवाला म्हणून हिणवायला लागले. मी प्रत्येक फोनवर भांडत होते. ह्यांचं जेवण कमी झालं होतं. आत्या ताटाकडं बघायच्या आणि उठून जायच्या. तसलं ताट त्यांनी आधी बघितलं होतं.

दिवाळीनंतर एका दुपारी ती लाल गाडी ट्रकवर लादून आमच्या दारात आली. इंजिन गेलेलं. मागून इंद्रजीत आणि तेच दोन मित्र, एकाच्या हातात मोबाईल, चालू. आजूबाजूच्या शेडांतली माणसं गोळा झाली. इंद्रजीतनं बॉनेट उघडलं आणि मोबाईलकडं तोंड करून बोलायला लागला. बघा, म्हणाला, ह्यांच्या आईनं माझ्या गाडीत दोरा बांधला, तो तसाच ठेवून गाडी माझ्या ताब्यात दिली, पिस्टन वितळला. आणि खरंच, सळईला दोरा होता. पिवळा, मध्ये हळकुंड, एका बाजूनं करपलेला.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी डोळ्यांनी बघत होते. दोरा आमच्यासमोर सोडला होता. पण कोण विश्वास ठेवणार? आमच्याच दारात, आमच्यासारखाच दोरा. हे पांढरेफटक पडले. जमलेल्यांतला एकजण हळूच म्हणालासुद्धा, म्हातारीचं काय सांगावं, परत बांधला असेल.

आत्या मागच्या खोलीतून चष्मा पुसत आल्या. त्यांनी सरळ बॉनेटमध्ये हात घातला आणि बोटांनी दोरा चाचपला. एकदा, मग परत.

"ह्यो माजा न्हवं," त्या म्हणाल्या. "माज्या दोऱ्याला गाठ नसती."

कुणीतरी हसलं. आत्यांनी त्या हसणाऱ्याला हाताला धरून कॉम्प्रेसरपाशी नेलं. मग ड्रिलपाशी, मग रोलरच्या जाळीपाशी. पूजा उचलली की फुलं जातात, दोरे वर्षभर राहतात, म्हणून सगळीकडं खंडेनवमीचे दोरे तसेच होते, टोकं वेढ्यात खोचलेली. गाठ कुठंच नाही. मग सगळेच गाडीपाशी परत आले आणि वाकून बघायला लागले. सळईवरच्या दोऱ्याला करकचून मारलेली दुहेरी गाठ होती. पुण्यात आकडा येईना म्हणून ज्यानं कुणी तो बांधला, त्यानं हळद लावली, हळकुंड आणलं, सगळं हुबेहूब केलं होतं. फक्त देवाला गाठीत धरायचं नसतं हे त्याला कुणी चापट मारून शिकवलं नव्हतं.

मित्रानं मोबाईल खिशात घातला. इंद्रजीत त्या गाठीकडं बघतच खालच्या आवाजात ह्यांना म्हणाला, "दादा, इंजिन होईल का?"

मी त्याला काय सुनावायचं ते मनात जुळवत होते. पेठेतले सगळे शब्द तोंडाशी आले होते. आणि आमचे हे? त्यांनी गाडी उतरवायला फळ्या आणायला सांगितल्या. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. अजूनही आठवलं की राग येतो.

इंजिन झालं. गाडी न्यायच्या दिवशी ह्यांनी ती काट्यावर चढवली, फुलं नाहीत, दोरा नाही, सगळं हातानं चाचपून. मी थर्मामीटर बघितला, तापमान टाकलं, बटण दाबलं. इंद्रजीत माझ्या शेजारी उभा होता. आकडा त्यानं वाचला, मान हलवली, आणि ह्या वेळी मात्र मोबाईल काही खिशातून बाहेर आला नाही. जुना व्हिडिओ काढतो म्हणाला होता. अजून काढलेला नाही, कालच बघितला मी. म्हणून कुणी विचारलं तर तुम्हीच सांगा. अकलूजच्या त्या लाल गाडीचा आकडा दोनशे तीन आहे.