काठीनं मोजलेला मॉनिटर

कॉम्प्युटरचा मॉनिटर बांबूच्या काठीनं मोजून आणणारी अख्ख्या डहाणू तालुक्यात मी एकटीच.

झालं असं, आमची सून वनिता घरी बसून लग्नपत्रिका टाइप करायची. डहाणूच्या एका प्रेसचं काम. आणि ऐन लग्नसराईत, शनिवारी सकाळी, तिचा जुना मॉनिटर काळा पडला तो पडलाच! सोमवारी पत्रिका दिल्या नाय तर काम दुसरीला जाणार. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

मी बोलली, "रडतेस काय? चुलीत लाकूड नाय, डब्यात पीठ नाय, असे दिवस काढलेत मी. हा तर डबडा! चल, नवा आणू!"

मॉनिटर राहायचा भिंतीतल्या मोठ्या कोनाड्यात. (बाहेर ठेवला की कोंबड्या वर चढून बसतात.) मी कोनाड्यात बांबूची काठी धरली, बसली तेवढी ठेवली, बाकीची कोयत्यानं उडवली.

"आई, बावीस इंची बसेल. मी पट्टीनं मोजलंय."

"पट्टी राहू दे! पंचवीस वर्षं चिकूच्या वाडीत नुसत्या डोळ्यांनी नग निवडले मी!"

आमच्या गावावरून, रानशेतवरून, रिक्षा करून डहाणूला गेलो. दुकानदार गुजराती, भला माणूस, पण तोंडाचा पट्टा चालू. "माजी, फुल एचडी! डोळ्यांना तरास नाय! पाच मिलिसेकंदात चित्र बदलते!"

"म्हणजे किती वेळात?"

"पापणी लवायच्या आत!"

मला लई आवडला! आमच्या म्हाताऱ्याला तीन हाका मारल्या तरी मान वळत नाय. वनिता मात्र मॉनिटरच्या मागे वाकून निळ्या पिनेची जागा शोधत होती. आमच्या जुन्या सीपीयूला तीच लागते. सापडली. "द्या हाच, बावीस इंची," ती बोलली.

"थांबा!" मी काठी आडवी लावली. काठी तीन बोटं बाहेर! दुकानदाराच्या टेपनं काठी मोजायला लावली. बरोब्बर बावीस. मग टेप पडद्यावर आडवी धरली. एकोणीसही भरेना!

"तीन इंच खाल्ले!" मी अशी ओरडली की बाजूचा मोबाइलवाला धावत आला.

"माजी, खाल्ले नाय! पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात. तिरपा. सगळ्या दुनियेत."

"मग दुनिया येडी! लुगडं तिरपं मोजतोस? खाट तिरपी मोजतोस? उद्या माणूस पण तिरपा मोजशील!"

"आई, तसंच असतं हो," वनिता माझा पदर ओढत होती.

"तू गप बस बाय! गरीब बघून फसवतात."

दुकानदारानं हात जोडले आणि चोवीस इंची काढला. काठी लावली. काठाला काठ! जशी काय त्याच्यासाठीच तोडली!

"आई, हा बसणार नाय."

"काठी खोटं बोलते काय?"

"माजी, खोका फोडला की परत घेणार नाय हां," दुकानदार दोनदा बोलला. मी दोनदा मान डोलावली.

घरी आलो तर अर्धा पाडा अंगणात! मीच खोका फोडला. मॉनिटर उचलला, कोनाड्याला लावला. शिरेना! डावीकडून लोटला, उजवीकडून लोटला. दोन बोटं कमी! वनिता "हळू, आई, हळू!" करत रडायला आली.

आमचा म्हातारा सकाळसारखाच खाटेवर बसून बघत होता. तो उठला, काठी घेतली आणि कोनाड्यात सरळ आडवी धरली. गेली नाय. मग एक टोक खाली, एक टोक वर केलं. सर्रकन बसली. तिरपी!

"सकाळी तू अशीच धरली होतीस," तो बोलला.

"मग तेव्हा का नाय बोललात?"

"तू बोलू देतेस कधी?"

पाडा एवढा हसला की कोंबड्या छपरावर गेल्या. वनिता हसली नाय बिचारी. पदराआड काय करत होती ते मी विचारलं नाय.

पत्रिका सोमवारी वेळेवर गेल्या. मॉनिटर टेबलावर बसला, टेबल माझ्या खाटेच्या जागेवर बसला, आणि खाट उरलेल्या जागेत सरळ मावेना. तेव्हापासून मी घरात तिरपी झोपते. माझं माप घ्यायचं असेल तर आता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत घ्या!