अस्वल कुठे लिहिलंय?

मंडळी, आज दुपारी माझी चोरी पकडली गेली.

आपल्या उज्जैनमध्ये लहान मुलांची मराठी पुस्तकं सहज मिळत नाहीत, म्हणून मी हिंदी पुस्तक समोर धरून लेकीला मराठीत गोष्ट सांगते. ती पहिलीत गेली, अक्षरं जोडायला लागली, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

आज झोपवताना तिने ओळीवर बोट ठेवलं. "आई, इथे तर भालू लिहिलंय. तू अस्वल कुठून वाचतेस?"

सुचलं ते बोलले, "चित्रातून."

तिने चित्र बराच वेळ निरखलं. मग दोन्ही हातांनी खालच्या ओळी झाकल्या. "मग चित्रच वाच ना."

मी वाचलं. पण तिचे हात त्या ओळींवर किती दिवस राहतील? तुमच्या मुलांचे किती दिवस राहिले?