वस्तादांची जबानी

लिफ्ट दुरुस्त करणारा तो माणूस इतका कमी बोलायचा, की वर्कशॉपमध्ये सगळे त्याला गुपचूपराव म्हणत. चिडायचाही नाही बिचारा. त्याच्या गप्प राहण्याचं कारण ठाऊक होतं ते फक्त बायकोला. जन्माला तो मुलगी म्हणून आला होता. आईबापाने ठेवलेलं नाव, गाव, शाळा, सगळं मागे टाकून तो शहरात आला, उपचार करून घेतले, एका म्हाताऱ्या मेकॅनिकच्या हाताखाली काम शिकला आणि लग्न करून सुखाने राहू लागला. त्या म्हाताऱ्याला सगळे वस्ताद म्हणत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा याचा हिशेब होता, आणि तो चुकीचा तरी कसा म्हणावा?

पण एका इमारतीत नेमका त्याच्या शाळेतला एक जण भाडेकरू निघाला. त्याने ओळखलं. दुपारी लिफ्ट बंद ठेवून काम चाललेलं असताना तो दोन मित्रांना घेऊन जिन्यात आला आणि तिघांनी मिळून याला बडव बडव बडवलं. "पँट काढ, बघू दे काय आहेस ते," असं ओरडत होते मेले. वरच्या मजल्यावरून वस्ताद पाना उगारून धावत आले, तेव्हा कुठे पळाले.

पोलीस ठाण्यातल्या मॅडम बऱ्या होत्या. त्यांनी नीट समजावलं. नुसती मारामारी असेल तर दंड भरून सुटतील. पण एखाद्याला तो पारलिंगी आहे म्हणून मारलं असेल तर त्यासाठी वेगळा कायदा आहे आणि शिक्षाही मोठी आहे. मग विचारलं, तुम्हाला का मारलं? हा म्हणाला, माहीत नाही. काय सांगणार! कायद्याने छत्री दिली खरी, पण ती उघडायची तर आधी भर चौकात अंगावरचे कपडे उतरवा, अशी अट. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्याच्यामागून वस्ताद आत गेले. त्यांनी छातीठोकपणे सांगितलं, की लिफ्ट बंद होती म्हणून भाडेकरू चिडला, दुसरं काही नाही. बाहेर येऊन याची पाठ थोपटली आणि मोठं काम केल्यासारखे घरी गेले.

तिघे सुटले. थोड्याच दिवसांत हा कामावर निघाला, तर तो भाडेकरू बसथांब्यावर उभा. अंगाला हात लावला नाही त्याने. नुसती जुन्या नावाने हाक मारली, अगदी लाडाने, आणि हसला. मूठ अजून झाकलेलीच होती, पण आता ती दुसऱ्याच्या हातात होती.

बायको ऐकून घाबरली. कंपनीत कळलं तर, घरमालकाला कळलं तर, असं म्हणत बसली. शेवटी तीच म्हणाली, रोज थोडं थोडं मरण्यापेक्षा एकदाचं काय ते होऊन जाऊ दे.

तो ठाण्यात गेला आणि जन्मापासूनचं सगळं सांगून आला. मॅडमनी ऐकून घेतलं, पण साक्षीदार म्हणतो भांडण लिफ्टवरून झालं, मग ते कलम टिकणार कसं? तसाच तो वस्तादांच्या घरी गेला आणि जबानी बदला म्हणाला. वस्तादांनी कानांवर हात ठेवले.

"मी काहीच ऐकलं नाही."

"ऐकलंत तुम्ही, वस्ताद."

"तुला वाचवायला खोटं बोललो रे."

"कळतंय मला. पण त्यामुळे वाचले ते तिघे."

दुसऱ्या दिवशी वस्ताद त्याच्याबरोबर ठाण्यात आले. एरवी शिवीशिवाय ज्यांचं वाक्य पुरं होत नाही, त्या वस्तादांची जीभ मॅडमसमोर टाळ्याला चिकटली. ते काय ओरडत होते ते जसंच्या तसं सांगा, मॅडम म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटून सांगितलं. कंपनीतर्फे आलेला सुपरवायझर तिथेच बसलेला होता. संध्याकाळपर्यंत वर्कशॉपभर झालं.

कायद्याने काहीच केलं नाही असं कोण म्हणेल? तिघांना अटक झाली. खटला रखडलाय अजून, पण भाडेकरूने इमारत सोडली, आणि जुन्या नावाने हाक मारायची परत कुणाची छाती झाली नाही. पण शेजारी बसून जेवायला लावणारं कलम कुठल्या पुस्तकात असतं? जेवणाच्या सुट्टीत दोघे-तिघे उठून दुसऱ्या बाकावर गेले. वाईट कुणी बोललं नाही; सगळ्यांना बोलायचीच भीती बसली होती. गुपचूपराव म्हणणंसुद्धा बंद झालं, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं. मग सुपरवायझरने गोड शब्दांत सांगितलं, तुझ्याच सुरक्षिततेसाठी उद्यापासून गोदाम सांभाळ. वस्तादांच्या जोडीला दुसरा माणूस दिला.

हा मान डोलावून निघाला. तेवढ्यात वस्ताद मध्ये पडले. लिफ्टच्या टपावर चढून काम करायचं, तर चढणाऱ्याचा जीव बटणापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतो. जरा चुकलं की चेंदामेंदा.

"साहेब," वस्ताद म्हणाले, "बटणाशी हा असेल तरच मी टपावर चढेन. मला अजून मरायचं नाही."

मार खाताना हा रडला नव्हता, ठाण्यातही नाही. इथे मात्र सगळ्यांच्या देखत त्याला रडू कोसळलं.

"रड लेका, पोटभर रड," वस्ताद म्हणाले. "आणि मग चल, लोक जिने चढतायत तिकडे."