आमची गल्ली कुणाकडे

आमच्या वहिनीला अख्खं गाव बादलीबाई म्हणतं. आरोग्य खात्यात ती डासांच्या अळ्या शोधते. टॉर्च घेऊन लोकांच्या पिंपात डोकं घालते आणि अळ्या दिसल्या की पिंप तिथेच पालथं. "पाणी काय तुमच्या बापाचं आहे ओतायला?" असं कुणी ओरडलं तर म्हणते, "पाणी तुमचंच हो, डास मात्र सगळ्यांचे." मी तिचा धाकटा दीर. तिची थट्टा करायची मला भारी हौस.

खात्याचा नियम असा, की आपली गल्ली आपण तपासायची नाही. ओळखीपाळखीत कानाडोळा होतो. आमची गल्ली वहिनीच्या मैत्रिणीकडे होती. फ्रिजमागचा ट्रेसुद्धा तीच येऊन ओतायची. यंदा खात्याचा निधी आटला आणि कंत्राटावरच्या मैत्रिणीला घरी बसवलं. तिची सगळी घरं वहिनीच्या गळ्यात पडली, फक्त आमची गल्ली सोडून. ती कुणाचीच राहिली नाही. वहिनीने विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "निधी आला की बघू." त्यांच्याकडे फवारणीच्या औषधालाही पैसे नव्हते, ते तरी काय करणार? पण मला त्यांचा राग आला तो आलाच.

त्यात वहिनीच्या सुनेला ताप भरला. सातवा महिना. डोळ्यांमागे दुखतंय म्हणाली, तशी वहिनी पांढरीफटक पडली; डेंग्यूचंच लक्षण ते. डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं, उद्या कळेल म्हणाले.

संध्याकाळी वहिनी पुढच्या खोलीत येरझाऱ्या घालत होती. मधेच फ्रिजसमोर थांबली.

"भावोजी, फ्रिज पुढे ओढा."

"आत्ता? काय झालं, वहिनी?"

"ओढा म्हणते ना!"

मागच्या ट्रेमध्ये पाणी साचलं होतं. टॉर्चचा उजेड पडताच अळ्या वळवळत तळाशी गेल्या. वहिनीने टॉर्च खाली ठेवली.

"दिवसभर लोकांच्या फ्रिजमागे वाकते मी," एवढंच म्हणाली.

मी ट्रे बाहेर नेऊन ओतला. आतून सून कण्हली, "आई, पाणी." वहिनीने तिला पाणी पाजलं, कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग टॉर्च उचलली आणि नियम धाब्यावर बसवून शेजारचं दार ठोठावलं.

"अगंबाई, तुम्ही?" शेजारीण म्हणाली. "आमची गल्ली आता कुणाकडे आहे हो?"

"माझ्याकडे," वहिनी म्हणाली. आणि टॉर्च लावून थेट त्यांच्या फ्रिजकडे निघाली.