पारिसाअण्णांची उजवी दाढ

पारिसाअण्णांना मी आधी ऐकलं, मग पाहिलं. कर्नाटकातल्या निपाणीच्या पेठेत वडिलांचं सोयाबीन घेऊन गेलो होतो. या आडत्याने आमच्या पोत्यातला एक दाणा उचलून उजव्या दाढेखाली धरला आणि असा काही ‘कट्ट’ आवाज झाला की पेठेतली कबुतरं उडाली ती थेट महाराष्ट्रात उतरली आणि एक म्हैस दावं तोडून बोरगावच्या वाटेला लागली. अण्णा डोळे मिटून म्हणाले, “तेरा टक्के ओल.” पुढे कुठल्याशा तपासणीत साडेतेरा निघाली, तेव्हा पेठ तपासणीवर हसली.

अण्णांचा सगळा धंदा त्या एका दाढेवर उभा होता. मी एकदा विचारलं, डावीकडची का वापरत नाही? “तिला काय कळतंय मास्तर? ती नुसती खाती.”

आणि नेमकी उजवीच ठणकायला लागली. गार पाणी लागलं की अण्णा खुर्चीसकट उडत. सुईची भीती, म्हणून मला सोबत घेऊन ते दातांच्या डॉक्टर दिव्याकडे गेले. कीड दाढेतल्या नसेपर्यंत पोचली होती, पण नस जिवंत होती. वरचा खराब भाग काढून, औषध भरून उरलेली नस वाचवता येईल, असं दिव्या म्हणाली. साखर वाढलेली असेल तर मात्र आतली जखम नीट भरत नाही. अण्णांनी खिशातून साखरेचे तीन रिपोर्ट काढून फुशारकीने टेबलावर मांडले. उपाशीपोटी चौऱ्याण्णव, अठ्ठ्याण्णव, शहाण्णव. दिव्याने त्या रिपोर्टांच्या भरवशावर दाढ भरली आणि तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलं.

ठणका गेला. अण्णा पुन्हा दाणे फोडू लागले. तळपायाला कधीपासून येणाऱ्या मुंग्याही थांबल्या म्हणून दुप्पट खूश. आता चिमटा काढला तरी कळत नाही, असं कौतुकाने सांगत.

तीन महिन्यांनी दिव्याने दाढेला बर्फासारखा गार बोळा लावला.

“लागतंय?”

“न्हाय.”

“आता?”

“काय बी न्हाय. लई भारी काम केलंस बघ.”

दिव्या हसली नाही. न लागणं हीच वाईट खूण होती. आतली नस मेली होती. तिने तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करवली, ती अकरा आली; सातच्या आत हवी होती. जुने रिपोर्ट मग इतके सोवळे कसे?

सोबत आलेल्या चंपाबाईंनी नवऱ्याकडे न बघता सांगून टाकलं, “दर चतुर्दशीला ह्यांचा कडक उपास असतोय. तपासणीला रक्त द्यायला दुसऱ्या दिवशी सकाळीच जातात. यायच्या वाटेवर पेढं.”

अण्णा छताच्या पंख्याकडे बघत राहिले.

दिव्याने नस काढून मुळं साफ केली, भरली. मुळाखाली साचलेला पू साखरेमुळे सावकाश हटेल, साखर आवरा, म्हणाली. अण्णांनी पेढे सोडले, चालायला लागले. दुखत तर काहीच नव्हतं. दर एक्स-रेत मुळाखालचा काळा ठिपका मात्र तेवढाच होता. मग थोडा मोठा.

दिवाळीनंतर दाढ काढली. सुईसुद्धा फारशी कळली नाही, म्हणाले.

आता आडतीत ओल मोजायचं यंत्र आहे. दोन सेलवर चालतं.