रुस्ताकच्या वाटेवरचा थोरला राजपुत्र

मस्कतजवळच्या सीबच्या विमानतळावर माझ्या सामानातली सुकेळी (उन्हात वाळवलेली राजेळी केळी) कस्टमच्या अधिकाऱ्याने हुंगली आणि परत ठेवली. अडला तो काठीपाशी. दीड हात लांब, टोकाला पितळी बोंड असलेली काठी मी वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत तिरकी घातली होती.

"ये क्या है?"

बँडमास्तरची काठी हे हिंदीत कसं सांगायचं ते सुचेना. शेवटी मी रांगेतल्या शंभर लोकांसमोर ती वरखाली फिरवून दाखवली. तो खळखळून हसला. मागे एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ हातात वेताची बारीक छडी घेऊन उभे होते. त्यांच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "असा!" (इथले पुरुष सणासमारंभाला मिरवतात ती काठी.) मग त्याने विचारलं, "किस के लिए?"

"बड़ा भाई. इधर काम करता है."

"बाप ने भेजा?"

"हाँ," मी म्हणालो.

त्या देशात पाय ठेवून अर्धा तास झाला नव्हता, आणि पप्पांच्या नावाने मी पुन्हा एकदा खोटं बोललो होतो.

पहिलं खोटं एक्क्याण्णव सालचं. वसईतल्या आमच्या गावच्या बँडचे पप्पा मास्तर होते. लग्नाची वरात असो की सणाची मिरवणूक, लाल कोट घालून ते पुढे चालायचे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ इनास, कॉर्नेट वाजवायचा. मी क्लॅरिनेट फुंकायचो. ती ऐकून गावची कुत्री रडतात असं पप्पा चारचौघांत सांगत. नव्वद साली दादा ओमानला गेला, रुस्ताक नावाच्या आतल्या गावात, एसी आणि फ्रिज दुरुस्तीच्या कामाला. पुढच्याच वर्षी पप्पा गेले.

दादाला आम्ही कळवलं नाही. आखातात माणूस असलेल्या घरांतली तेव्हाची ती रीतच होती. पासपोर्ट अर्बाबच्या (मालकाच्या) कपाटात, रजा मिळायची नाही, तिकडे रडायला खांदा नाही. मग उगाच कशाला कळवा? आधी 'तब्येत बरी नाही' असं लिहायचं आणि चार-सहा महिन्यांनी खरं सांगायचं. आईनेच तसं ठरवलं. पप्पांची पत्रं मी पहिल्यापासून लिहीत होतो. ते सांगायचे, मी लिहायचो आणि खाली ते थरथरत्या हाताने सही करायचे. ते गेल्यावरही मी लिहीतच राहिलो, सहीसकट.

दफनाला दीड महिना झाला आणि दादाचं पत्र आलं. 'पप्पा, मला इथे करमत नाही. परत येऊ का? बँड मी सांभाळतो.'

तोवर लाल कोट माझ्या अंगावर चढला होता. आठवडाभर कॉलेजात इतिहास शिकवायचा आणि रविवारी वरातीपुढे काठी फिरवायची. लोक मला 'मास्तर' म्हणू लागले होते, आणि खरं सांगतो, 'सर'पेक्षा ते मला गोड लागत होतं. पप्पांच्या नावाने मी उत्तर लिहिलं, 'तू तिथेच थांब. बँड पास्कूकडे राहू दे.' पास्कू म्हणजे मी. ते पत्र मी आईलाही दाखवलं नाही.

दादा तिथेच थांबला. पप्पा गेल्याचं आम्ही त्याला सहा महिन्यांनी कळवलं, जणू आताच गेले असं. बँड माझ्या हाताखाली पाचच वर्षं टिकला. माणसं एकेक करून दुसऱ्या बँडांत गेली आणि उरलेल्यांना डीजेने घरी बसवलं. दोन हजार तीनच्या डिसेंबरात मी ओमानला निघालो ते दादाला त्या पत्राचं खरं सांगायला आणि काठी त्याची त्याला द्यायला.

दादा तोवर मस्कतच्या पार टोकाला, माबेलात राहायला आला होता. घरभाडं परवडतं म्हणून तिथे राहायचं आणि रोज गाडी हाणत रुस्ताकला कामावर जायचं, असा त्याचा क्रम. वहिनीने बोंबलाचं कालवण केलं होतं. त्यांची नऊ वर्षांची शेरिल माझी बॅग उघडून बसली.

"अंकल, ही स्टिक... ही कोणाची आहे?"

"तुझ्या आजोबांची."

"ग्रँडपा पोलीस होते?"

मी दादाकडे पाहिलं. आपले आजोबा कोण होते हे या पोरीला कोणी सांगितलंच नव्हतं. दादाने काठी तिच्या हातातून घेतली, पितळी बोंडावर अंगठा फिरवला, "अजून आहे होय ही?" एवढंच म्हणाला आणि ती कपाटावर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच्या पिकअपमधून रुस्ताकला निघालो. एका हाताला समुद्राकडची सपाटी, खजुराच्या बागा, मध्येच शेळ्या आणि दुसऱ्या हाताला दूरवर उघडेबोडके करडे डोंगर. हिरवळ पाहून डोळे बिघडलेल्या वसईच्या माणसाला तो देश आधी रुक्षच वाटतो. बरकाच्या मासळीबाजारात दादाने गाडी थांबवली. अर्बाबच्या म्हाताऱ्या आईला अवाल (खारवून सुकवलेली मुशी) लागते, ती घ्यायची होती. पुडकं सीटमागे ठेवलं, काचा वर, एसी चालू. पाच मिनिटांत केबिनमध्ये असा वास कोंदला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"वसईचा ना तू?" दादा म्हणाला. "सुक्या मासळीने रडतोस?"

"मला चीनचा सम्राट आठवला."

"मासळीवरून सम्राट?"

मग त्याला ती गोष्ट सांगावी लागली. कॉलेजात 'प्राचीन जग' शिकवताना मी ती दरवर्षी रंगवून सांगत असे. सगळा चीन पहिल्यांदा एका छत्राखाली आणणारा सम्राट दौऱ्यावर असताना वाटेतच मेला. बरोबरच्या मोजक्या लोकांनी ते लपवलं. बंद गाडीत प्रेत. तिच्यापुढे रोज जेवणाचं ताट जायचं, अधिकारी येऊन राज्यकारभार सांगायचे, पडद्याआडून हुकूम यायचे. दिवस उन्हाळ्याचे. वास सुटला, तेव्हा खाऱ्या मासळीच्या गाड्या भरून ताफ्यात घातल्या, म्हणजे कशाचा वास कशाचा ते कळू नये.

"डोकेबाज लोक," दादा हसला. "पण लपवलं कशाला?"

"धाकट्याला गादीवर बसवायचं होतं. थोरला राजपुत्र फूसू, तो दूर सरहद्दीवर होता. मरण्याआधी बापाने त्याला पत्र लिहवलं होतं, ये आणि माझे अंत्यसंस्कार कर. ते पत्र धाडलंच नाही. त्याऐवजी बापाच्या नावाने दुसरं धाडलं, त्याचीच मोहर लावून. तू जीव दे म्हणून."

"आणि दिला?"

"दिला. शेजारी मोठा सेनापती होता. तो म्हणत होता, हे खरं कशावरून, एकदा परत विचारून घे. याने विचारलं नाही."

दादाने एक उंट रस्ता ओलांडेपर्यंत ब्रेक दाबून धरला. "परत विचारायला काय झालं होतं त्याला?"

वर्गात मुलंही दरवर्षी हेच विचारत. माझं उत्तर ठरलेलं असे आणि त्यावर हशाही ठरलेला. "भाबडा होता," मी म्हणालो.

दादा हसला नाही. सांगायची हीच वेळ, असं माझं मन ओरडत होतं. इतिहासाचा प्राध्यापक दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांची पापं बिनदिक्कत सांगतो आणि स्वतःच्या वेळेला त्याची दातखीळ बसते. रुस्ताकचा किल्ला दिसेपर्यंत आम्ही रस्त्याबद्दलच बोलत राहिलो.

किल्ल्यापाशी दादाचा अर्बाब सालिम आमची वाट पाहत होता. साठीचा, ताठ, कमरेला खंजीर आणि हातात तीच बारीक छडी. त्याची हिंदी आमच्या हिंदीसारखीच बेधडक. उंच बुरुजाकडे छडी करून तो म्हणाला, "इधर भी भाई-भाई कुर्सी के लिए लड़ा. क़िला रह गया, भाई नहीं रहा."

त्याच्या घरी आम्ही बैठकीत गालिच्यावर बसलो. आधी कहवा (वेलची घातलेली कडवट कॉफी) आणि खजूर, मग भात आणि मासे, आणि ती अवाल कुस्करून कांदा-लिंबू लावलेली. माझं भोजन चवीने चाललं होतं, तोच सालिम दादाच्या पाठीवर थाप मारून मला म्हणाला, "प्रोफेसर, तुम्हारा भाई बहुत ज़िद्दी. एक दिन बाप का खत आया. ये जाके गरम पानी के चश्मे पे बैठ गया. पूरा दिन. खाना नहीं, पानी नहीं. हम पासपोर्ट ला के इसके हाथ में दिया. बोला, यल्ला, जा, बाप का मुँह देख के आ. कागज़ कागज़ है, बाप बाप है. टिकट हम देगा."

"फिर?" मी विचारलं.

"ये बोला, नहीं अर्बाब, बाप ने लिखा है रुको, तो रुकेगा. खलास. पासपोर्ट वापस दे दिया."

घास माझ्या हातातच राहिला. पासपोर्ट अर्बाबच्या कपाटात, या एका वाक्यावर आम्ही सगळं लपवलं होतं. ते कपाट या माणसाने न मागता उघडलं होतं.

जेवणानंतर दादा मला गरम पाण्याच्या झऱ्यावर घेऊन गेला. झऱ्याचं पाणी दगडी पाटातून गावात जातं. संधिवाताचे म्हातारे तिथे पाय सोडून बसतात. आम्हीही बसलो. पाणी चांगलंच कढत होतं.

"त्या दिवशी इथेच बसला होतास?"

"तिथे. त्या कोपऱ्यात."

"दादा, ते पत्र पप्पांचं नव्हतं."

"ठाऊक आहे."

मला वाटलं, त्याला नीट ऐकू आलं नाही. तो पाण्यात पाय हलवत म्हणाला, "त्र्याण्णवला लग्नाला आलो तेव्हा क्रुसावरची तारीख वाचली की. पत्रावरची मला पाठ होती. मातीत गेल्यावर दीड महिन्याने पप्पा पत्र कसं लिहवतील?"

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? म्हटलं, जाताना पप्पा तुझ्याकडे सांगून गेले असतील. तू ते उशिरा लिहिलंस आणि मला कळू नये म्हणून तारीख नवी घातलीस. आमच्या इथल्या किती जणांच्या घरी तसंच केलं. मला वाईट वाटलं. माझं वाजवणं पप्पांना मास्तरकीच्या लायकीचं वाटलं नाही. पण बापाचा शब्द होता, म्हटलं, ठीक आहे." मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "निरोप तरी त्यांचाच होता ना, पास्कू?"

'हो' म्हणायला काय लागतं? आजही मला वाटतं, तेव्हा 'हो' म्हणालो असतो तर बरं झालं असतं. पण मी मनावरचा धोंडा उतरवायला एवढा समुद्र ओलांडून आलो होतो. तो कुणाच्या मनावर जाऊन पडेल याचा विचार मी केलाच नव्हता.

"नाही," मी म्हणालो. "शेवटच्या आठवड्यात ते रोज सांगत होते, इनासला बोलवा, काठी त्याच्या हातात द्यायची आहे. मी लिहितो म्हणालो. लिहिलं नाही."

दादाने पाय पाण्यातून काढले. रुमालाने एकेक बोट पुसलं, चपला घातल्या.

"बारा वर्षं मी कॉर्नेट हातात घेतला नाही," तो म्हणाला. "पप्पांना आवडत नव्हता म्हणून."

मी त्याचा हात धरायला गेलो. त्याने तो हळूच काढून घेतला.

"सालिम म्हणत होता तेच बरोबर. मी परत एकदा विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तरी उत्तर मीच लिहिलं असतं, दादा."

"हेच?"

"हेच."

परतताना त्याने गाडीच्या सगळ्या काचा खाली केल्या. मासळी केव्हाच उतरवली होती. वास मात्र माबेलापर्यंत येत होता.

पुढचे तीन दिवस त्याने पाहुणचारात काही कमी केलं नाही. मत्रहचा बाजार दाखवला, हलवा घेऊन दिला, अल खौदला त्याच्या मित्राकडे जेवायला नेलं आणि 'माझा भाऊ, प्रोफेसर' अशी ओळख करून दिली. मला त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी सुखाने जेवलो असतो. निघायच्या दिवशी काठी कपाटावरच होती. ती घेऊ की ठेवू हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. विमानतळावर त्याने माझी बॅग आतपर्यंत उचलून आणली आणि आईला गुडघ्यावर लावायचं तेल तेवढं न विसरता दिलं. माफी मी मागितली. तो म्हणाला, "पोचलास की फोन कर."

मी पोचल्यावर फोन केला. शेरिलने घेतला. पप्पा बाहेर आहेत, म्हणाली. मागे दादाचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

जानेवारीत कॉलेज सुरू झालं आणि 'प्राचीन जग'च्या तासाला तो सम्राट आला. बंद गाडी, मासळी, बनावट पत्र. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला, "सर, त्या राजपुत्राने परत विचारलं का नाही?"

वर्ग हसायच्या तयारीत होता. जुनं उत्तर माझ्या ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. विचारलं असतं तरी काय फरक पडला असता, मी म्हणालो. उत्तर लिहिणारा हात तोच होता.

ती वहीत लिहून घेऊ लागली. मी हात खिशात घातला.