दाजीकाकांनी पुसलेली काच

दाजीकाका गेल्याचं मला आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. पाण्याचा टँकर उशिरा येणार, या निरोपाखाली सेक्रेटरींनी लिहिलं होतं, ‘दुसऱ्या मजल्यावरचे राणे आज सकाळी वारले.’ मी पवईला ऑफिसात होतो. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती, त्यात मीही एक जोडी चिकटवली आणि मग स्वतःचीच लाज वाटली. दोन वर्षं ज्यांच्याकडून फुकटात शिकलो, त्यांना असा अंगठ्याने निरोप... आज महिना होत आला, पण ते मनातून जात नाही.

मी प्लास्टिकची विमानं बनवतो. बायको त्याला माझी भातुकली म्हणते, आणि तिचं फारसं चुकत नाही. पण आम्हा भातुकलीवाल्यांना खिळान्‌खिळा अचूक लागतो. एकाहत्तरच्या लढाईतल्या एका नामांकित लढाऊ वैमानिकाचं विमान मला करायचं होतं. तेव्हा समजलं, की त्या विमानाची देखभाल करणारा माणूस माझ्याच डोक्यावर राहतो. हवाई दलातून सुटल्यावर विक्रोळीच्या कारखान्यात उरलेली नोकरी केलेले, मालवणकडचे दाजी राणे. मी वही घेऊन धावलो.

दर रविवारी चहावर मी त्यांना पिळून काढायचो. साहेबांनी, म्हणजे त्या वैमानिकाने, विमानं कुठे पाडली? शेपटीवर आकडा कुठला? काका आठवून सांगायचे, पण त्यांनी ती लढाई जमिनीवरून पाहिलेली. अंधार असताना साहेब उडायचे, आणि हे धावपट्टीच्या कडेला आवाजाकडे कान लावून उभे. एकदा साहेब पंखाला भोक घेऊन परतले, तर आधी म्हणाले, ‘राणे, सॉरी यार, तुझं विमान फाडलं.’ हे सांगताना काका लहान मुलासारखे हसायचे. मी मात्र वहीत फक्त भोकाची जागा लिहून घेतली. तुम्हाला तेव्हा कसं वाटायचं, हे एकदाही विचारलं नाही. मला साहेब हवे होते, काका नुसते दाखल्यापुरते.

विमान तयार झालं. आमच्यात खरी कारागिरी समजतात ती मळवण्यात. मी पोटाखाली तेलाचे ओघळ काढले, धुराची काजळी धरली, वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेवर बारीक धूळ बसवून वर वार्निश मारलं. झकास जमलं होतं. काका चष्मा लावून वाकले.

“ह्यां काय केलंस रे झिला? माझां इमान असां मळकां कधी उडूक नाय.”

मी जुना फोटो पुढे केला. ओघळ दिसत होते की नाही?

“ह्यो फोटो परतल्यावरचो. उडताना ता लख्ख आसायचा.” मग काचेवर बोट ठेवून म्हणाले, “हंय माशीएवढो डाग रवलो, तर सायबाक तो दुश्मन वाटात. नायतर दुश्मनच डाग वाटात. मगे?”

सरकारी फडक्याने काचेवर चरे पडतात, म्हणून ते आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा वापरायचे. पुसून झालं की नखाने काचेवर दोन टिचक्या. त्या ऐकल्या की साहेब निघायचे.

एवढं ऐकूनही मी काय म्हणावं? “काका, स्पर्धेत स्वच्छ विमानाला कोण विचारतं?” “बरां,” म्हणाले, आणि अर्धा चहा ठेवून उठले.

माझा पहिला नंबर आला. प्रदर्शनाला काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. विमानापुढच्या पाटीवर साहेबांचा सगळा पराक्रम होता, यांचं नाव नव्हतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, हात काचेकडे गेला... आणि तिथली ‘हात लावू नये’ ही सूचना वाचून तो हळूच मागे आला. मी पाहत होतो. पुढे होऊन ‘पुसा काका’ म्हणायला काय लागत होतं? पण परीक्षक उभे होते ना! त्यानंतर जिन्यात भेटले की एवढंच म्हणायचे, “काच तेवढी पूस रे कधीतरी.” मी म्हणायचो, “दिवाळीनंतर नक्की, काका.” दिवाळी आली आणि गेलीसुद्धा.

तेराव्याला काकूंनी माझ्या हातात एक मऊ, विटका तुकडा ठेवला. “तुकाच देवक सांगितल्यांनी.” मी तिथेच रडलो.

वार्निशखालचे ओघळ आता निघत नाहीत, ते तसेच राहणार. काच मात्र परवाच्या रविवारी टूथपेस्ट लावून त्या लुगड्याने घासत बसलो. दुपारपर्यंत ती लख्ख झाली, आतला बोटभर साहेब पहिल्यांदा स्पष्ट दिसला. टिचकी मारायला हात उचलला... आणि खाली घेतला. काच मी पुसली होती, पण तो हक्क माझा नव्हता.